आवाजाची कवळी

चिमटीने घरी आणलेला हा तिसरा स्पीकर. पहिला दुकानात परत गेला, दुसराही त्याच वाटेने गेला, आणि तिसरा आता बाथरूममध्ये पालथ्या बादलीवर उभा राहून वाजत होता. त्याआधी तो स्वयंपाकघरात ओट्यावर वाजून झाला होता, बाल्कनीच्या कठड्यावर वाजून झाला होता, आणि कपाटात चादरींच्या घड्यांमध्ये कोंबूनही वाजवून झाला होता.

"अगं, तू स्पीकर बघतेयस की लेकीला स्थळं?" दाराबाहेरून नवरा म्हणाला. खांद्यावर टॉवेल घेऊन तो केव्हाचा उभा होता आणि कामावर जायची वेळ टळत चालली होती. "एकाचं नाक नकटं, दुसऱ्याला पगार कमी. या तिसऱ्यात काय खोट निघाली?"

"थांबा हो जरा. बंद जागेत कसा घुमतो ते बघतेय."

"गाडीत बाथरूम असणार आहे का?"

प्रश्न बरोबर होता, म्हणून चिमटीला राग आला. तिने स्पीकर उचलला, बादली सरळ केली आणि नवऱ्याला वळसा घालून तरातरा स्वयंपाकघरात गेली. तिथेही ती बसली नाही. चहा ठेवला, तो उकळायच्या आत गॅस बंद केला, पुन्हा लावला. गेले काही आठवडे तिच्या पायाला भिंगरी लागली होती. बसली की उठावंसं वाटायचं आणि उठली की कशासाठी उठलो ते आठवायचं नाही. झोप लागत नसली की माणूस उशीला बोल लावतो, तसं तिने या स्पीकरला धरलं होतं. खरा घोर निराळाच होता. तो भोंग्याचा होता.

भोंगा म्हणजे तिची मैत्रीण, आणि मैत्रीण म्हणजे कशी, तर घरी सांगायच्या आधी गोष्ट जिला सांगायची अशी. दोघी एका दातांच्या लॅबमध्ये कामाला होत्या. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे आणि इथून दाढा, टोप्या, कवळ्या तयार होऊन जायच्या. मुकादमबाई ठशात प्लास्टर ओतून साचे काढायच्या. भट्टीवाली धातूचं काम बघायची. चिमटी मेणाच्या हिरड्यांवर एकेक दात लावायची. अंगाने काडी आणि हातात सदा चिमटा, म्हणून ती चिमटी. आणि भोंगा शेवटच्या टेबलाशी बसून फिरत्या चाकावर कवळ्यांना पॉलिश करायची. ते चाक असं किंचाळतं की शेजारच्या माणसाने शिवी दिली तरी आशीर्वाद समजून घ्यावी. भोंगा त्या चाकाच्या वर गायची. खणखणीत, सुरात, आणि दिवसभर. मालकांनी एकदा केबिनमधून डोकं बाहेर काढून विचारलं होतं, की चाकाची वायर काढली तर हा भोंगाही बंद होतो का? तेव्हापासून तिचं नाव पडलं ते पडलंच.

दरवर्षी लॅबला सुट्टी लागली की चौघी एक गाडी ठरवून कुठेतरी जायच्या. नवरे, पोरं, सासवा, सगळ्यांना घरी ठेवून. गाडीने कोपरा वळला की भोंगा पहिलं गाणं धरायची आणि परत येताना तोच कोपरा दिसेपर्यंत तिचा घसा थांबायचा नाही. बाकीच्या तिघी फर्माईश करायच्या, टाळ्या द्यायच्या, मधूनच बेसूर घुसायच्या. एका ड्रायव्हरने मोठ्या हौसेने रेडिओ लावला, तर मुकादमबाईंनी त्याला झापलं होतं. "बंद करा तो. आमच्याकडे घरचा आहे."

यंदा भोंग्याच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, आणि तिच्याबरोबर आवाज गेला. आवाजाची नस दुखावली, डॉक्टर म्हणाले. येईल कदाचित, कदाचित नाही. उरली नुसती कुजबुज. शांत खोलीत, तोंडापाशी कान नेला तर कळेल एवढीच. आणि दातांच्या लॅबमध्ये शांत खोली कुठून आणायची?

सुरुवातीला सगळ्यांनी "काय? काय म्हणालीस?" केलं. पण एकाच वाक्याला तीनतीनदा "काय" म्हणायचं म्हणजे जिवावर येतं. समोरचीच्या मानेच्या शिरा ताणलेल्या दिसतात, तोंड लाल होतं, आणि शेवटी ऐकू येतं ते काय, तर "पाण्याची बाटली कुठेय." मग चिमटीला एक सवय लागली. भोंग्याचे ओठ हलायचे थांबले की मान डोलवायची. "हो ना गं." "बघ की." "बरोबर आहे तुझं." आणि चेहरा जरा हसरा ठेवायचा. नंदीबैलाला निदान मालकाचा प्रश्न तरी ऐकू येतो. चिमटीला तोही ऐकू येत नव्हता. पण काम भागत होतं. तिचं बघून भट्टीवाली तेच करू लागली, मग मुकादमबाईही. पुढे पुढे भोंग्याचे ओठच हलेनासे झाले. डबा उघडायची, खायची, बंद करायची. थकत असेल बिचारी, असं चिमटीने स्वतःला सांगितलं. ते तिला स्वतःलाही पटलं नव्हतं, आणि भिंगरी लागली ती तेव्हापासून.

सहलीचं विचारलं तेव्हा भोंग्याने नुसता हात हलवला. 'बघू.' गाडीवाला शनिवारपर्यंत नक्की सांगा म्हणून मागे लागला होता. तिघी असल्या तर छोटी गाडी, चौघी असल्या तर मोठी. भोंग्याशिवाय जायचं ही कल्पनाच चिमटीला सहन होत नव्हती. आणि भोंगा आली, आणि कोपरा वळल्यावर गाडीत कुणीच काही गायलं नाही तर? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. एकदा का ती या वर्षी मागे राहिली की पुढच्या वर्षी विचारणंही अवघड होईल, आणि मग चाकाशी बसलेली एक बाई एवढीच ती उरेल, हे चिमटीला स्वच्छ दिसत होतं.

तोडगा मुकादमबाईंनी काढला. "एक स्पीकर घ्या. लहानसा, पिशवीत मावेल असा. प्रत्येकीने आपापल्या फोनवरची गाणी पाळीने लावायची. कुणावर गायची सक्ती नाही." आणि प्लास्टरचे हात धुताधुता त्यांनी हुकूम सोडला, "चिमटे, तू आण. तुझी नजर बारीक आहे."

नजरेचा इथे काय संबंध, हे कुणी विचारलं नाही.

चिमटीच्या डोक्यात मात्र आणखीच काही शिजायला लागलं. तिच्या कामात एक पद्धत आहे. कुणाचे सगळे दात काढायचे ठरले, की ते तोंडात असतानाच त्यांचा ठसा घेतात आणि त्याबरहुकूम कवळी आधीच तयार ठेवतात. दात काढले की त्याच खुर्चीत कवळी बसवायची. माणूस एक दिवसही बोळका राहत नाही. अशा कवळ्या करण्यात चिमटीचा हात धरणारं कुणी नव्हतं. पुढचा दात किंचित वाकडा असला तर ती नवाही तेवढाच वाकडा लावायची. गेलं ते परत तसंच बसवायचं आणि फट कुणाला दिसू द्यायची नाही, हे तिच्या हातांना इतकं पक्कं ठाऊक होतं की डोक्यालाही दुसरं काही सुचत नसे.

भोंग्याचा आवाज गेला होता. पण ठसे होते की! गेल्या सगळ्या सहलींत कुणी ना कुणी फोनवर तिची गाणी घेतलेली होती. चिमटीने गुपचूप सगळ्यांकडून ती मागवली. खिडकीतला वारा, हॉर्न, मुकादमबाईंचं खोकणं, स्वतःचं बेसूर घुसणं, सगळं कापलं. उरला निव्वळ भोंग्याचा आवाज. गाडीने कोपरा वळला की हे लावायचं. भोंगा शेजारी बसलेली असेल आणि भोंगाच गात असेल. तिला रडू येईल, सगळ्यांनाच येईल, आणि मग सगळं पूर्वीसारखं होईल. या 'मग'च्या पुढे चिमटीचा विचार गेलेला नव्हता.

आणि म्हणूनच तर स्पीकर पसंत पडत नव्हता. पहिला मुठीएवढा होता, पिशवीला लटकवायचा. त्यात भोंग्याचा आवाज डब्यात अडकलेल्या माशीसारखा यायचा. दुसरा पाण्यात पडला तरी वाजेल असं सेल्समनने छातीठोकपणे सांगितलं होतं. तो वाजायचा खरा, पण नुसता धमधम, आणि भोंगा विहिरीत उभी राहून गातेय असं वाटायचं. हा तिसरा बरा होता. इतर सगळी गाणी त्यात चांगली वाजायची. भोंग्याचं लावलं की काहीतरी कमी पडायचं. काय ते तिला सांगता येत नव्हतं.

"ही भोंगाच ना?" अंघोळ करून आलेल्या नवऱ्याने चहाचा कप उचलत विचारलं.

"हो. सांगू नका कुणाला. तिला एकदम गाडीतच ऐकवणारेय."

नवऱ्याने एक घोट घेतला. मग म्हणाला, "तिला विचारून घे बाई आधी."

"विचारलं तर मग त्यात गंमत काय राहिली?"

"गंमत कुणाची, तेच म्हणतोय मी."

चिमटीने त्याच्या हातातला कप अर्धा असतानाच काढून घेतला आणि विसळायला टाकला.

त्या दिवशी लॅबमध्ये तिने तिसऱ्या स्पीकरचीही तक्रार केली तेव्हा मुकादमबाईंचा संयम सुटला. "तुला कान नाहीत, चिमटे. नुसते डोळे आहेत. भोंगे, संध्याकाळी तू जा हिच्याबरोबर आणि आज काय तो निकाल लावून या."

भोंग्याने चाक बंद केलं. चिमटीकडे बघितलं, खांदे उडवले आणि मान हलवली. येते. इतक्या दिवसांत भोंगा पहिल्यांदाच कशाला तरी हो म्हणत होती, याचा आनंद करावा की फोनमध्ये दडवलेल्या गाण्यांची भीती बाळगावी, चिमटीला कळेना. दुपारभर तिने एकाच कवळीत दोनदा सुळा उलटा लावला.

दुकान गच्च भरलेलं होतं. भिंतीवर टीव्ही, प्रत्येकावर वेगळं काहीतरी चालू, आणि दाराशी एक गुडघ्याएवढा, चाकं लावलेला, माइकवाला स्पीकर. त्यावरून सेल्समन अधूनमधून "आज सगळ्यावर सूट, आत या, आत या" असं ओरडायचा. अर्ध्या बाह्या दुमडलेला, चष्मा कपाळावर चढवलेला तो पोक्त माणूस चिमटीला बघून माइक ठेवून पुढे आला.

"या ताई! हाही परत?" मग भोंग्याकडे वळून म्हणाला, "यांनी जेवढे ऐकलेत तेवढे मी विकलेले नाहीत."

भोंग्याने चिमटीकडे बघत भुवया उंचावल्या. चिमटीने तिसरा स्पीकर मुकाट्याने काउंटरवर ठेवला.

सेल्समनने फळीवरचे एकेक खाली काढले. हा अमुक तास चालतो, हा पावसात भिजला तरी हूं की चूं करत नाही, हे दोन एकमेकांना जोडता येतात, एक गाडीच्या पुढे ठेवा, एक मागे, गाणं एकच. भोंगा ऐकता ऐकता खुलत गेली. एकेक स्पीकर हातात घेऊन वजन बघ, बोटाने टकटक कर, सेल्समनने गाणं लावलं की नाक मुरड, बटणं पुन्हा पुन्हा दाबून बघ. कवळी तपासायला घ्यायची तेव्हा तिचा चेहरा असाच असायचा. एका स्पीकरपाशी ती चिमटीकडे वळली आणि काहीतरी बोलली. टीव्हीच्या गलक्यात चिमटीला काडीचंही कळलं नाही.

"हो ना गं," चिमटी म्हणाली.

भोंगा तिच्याकडे क्षणभर बघत राहिली, आणि तिने हातातला स्पीकर खाली ठेवला.

"तुमच्याच फोनवरचं लावून बघा की," सेल्समन म्हणाला. "रोजच्या ऐकण्यातलं असलं की फरक लगेच कळतो."

"माझा फोन बंद पडलाय. चार्जिंग नाहीये," चिमटी घाईघाईने म्हणाली. नेमका त्याच वेळी तिच्या पिशवीत फोन वाजला. नवरा असणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे तर चोराच्या पिशवीत घंटा वाजत होती. भोंग्याने सरळ पिशवीत हात घातला, इतक्या वर्षांच्या हक्काने, कॉल कापला आणि सेल्समनने पुढे केलेल्या स्पीकरशी फोन जोडून टाकला. पडद्यावर शेवटचं गाणं अर्धवट थांबलेलं होतं. तिने बोट टेकवलं.

आणि भोंगा गायला लागली.

चांगला स्पीकर होता तो. आवाज भरून आला, टीव्हींच्या वर गेला, चाकाच्या वर जायचा तसा. एक बाई मिक्सर बघत होती, ती वळली. चिमटीने फोनकडे हात नेला. भोंग्याने तिचं मनगट धरून तो बाजूला केला आणि तशीच धरून उभी राहिली. तिच्या तोंडावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. फक्त गळा गिळल्यासारखा हलत होता. कुठे श्वास घ्यायचा ते त्या गळ्याला अजून पाठ होतं.

"वा!" सेल्समन मनापासून म्हणाला. "काय आवाज लागलाय बाईचा! कोण आहेत या?"

गाणं संपलं, दुसरं सुरू झालं, तेव्हा भोंग्याने ते बंद केलं. फोन काउंटरवर ठेवला आणि दाराकडे चालायला लागली. गेली, चिमटीच्या मनात आलं. आता ही सहलीला तर नाहीच, आपल्याशीही कधी बोलायची नाही.

पण भोंगा दाराशी थांबली. तिथल्या गुडघ्याएवढ्या स्पीकरवरचा माइक तिने उचलला, बोटाने ठोकून बघितला आणि तोंडाला लावला.

"कवळी केलीस माझी," ती म्हणाली.

तिची कुजबुज, पण दुकानभर. खरखरीत, श्वासाने फाटलेली, आणि एकेक अक्षर स्पष्ट. माणसं वळून बघायला लागली.

"काम चोख आहे. फट दिसत नाही. पण ती बाई गाडीत गाणार, आणि मी तिच्या शेजारी बसून काय करायचं होतं? टाळ्या वाजवायच्या?"

"मला वाटलं, तुला बरं वाटेल," चिमटी काउंटरपाशी उभी राहूनच म्हणाली.

"विचारलंस मला?"

"तू काही बोलतच नाहीस गं हल्ली..." शब्द निघून गेले, आणि जीभ चावून उपयोग नव्हता.

"मी बोलत नाही?" भोंग्याने माइक आणखी जवळ घेतला. "मागे डबा खाताना मी तुला म्हणाले, चिमटे, तुझ्या घराला आग लागलीय. तू काय म्हणालीस?"

चिमटीला काहीच आठवत नव्हतं. आठवणार कुठून?

"म्हणालीस, 'हो ना गं, बरंच झालं.' आणि हसलीस. दुसऱ्या दिवशी म्हणाले, मी उद्या मरणार आहे. तू म्हणालीस, 'बघ की.' मुकादमबाईंना म्हटलं, तुमच्या कानात उंदीर शिरलाय. त्या म्हणाल्या, बरोबर आहे तुझं."

मिक्सरवाली बाई फसकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. सेल्समनने कपाळावरचा चष्मा उगीचच खाली घेतला, पुसला, परत वर चढवला.

"गाणं गेलं," भोंगा म्हणाली. तिला दम लागला होता. माइकमधून तोही ऐकू येत होता. "त्याचं रडणं मी माझं घरी रडते. पण बोलणं माझं गेलं नव्हतं, चिमटे. ते तुम्ही तिघींनी काढून घेतलंत. दात चांगला असताना उपटलात."

चिमटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला लाज वाटत होती, आणि ती माणसांची नव्हती. टाहो फोडावासा वाटत होता, पण समोर ही एवढीशा श्वासावर बोलत असताना आपण भोकाड पसरणं बरं नव्हे, एवढं तिला कळत होतं. तिने फोन उचलला. "पुसून टाकते. आत्ताच्या आत्ता पुसते सगळं."

"पुसून तर बघ!" स्पीकर कर्रकन वाजला. "मला पाठव ते. मी ऐकेन माझी माझी, एकटी. तुमच्यासमोर नाही."

मग सेल्समन खाकरला. माणूस भला होता, पण शेवटी दुकानदारच. "ताई, मग हाच घ्या ना माइकवाला. यात गाणीपण वाजतात. सूट देतो."

"हाच!" चिमटी एकदम पुढे झाली. "हाच घेऊ, भोंगे! तू यावरच बोल. गाडीत, लॅबमध्ये, सगळीकडे. मी उचलीन रोज."

भोंगा तिच्याकडे बघतच राहिली. इतकं होऊनही ही बाई फट भरायलाच धावत होती. आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच भोंग्याला हसू आलं. आवाज नसलेलं, खांदे हलवणारं.

"हा धोंडा पिशवीत घालणार? याचं वेगळं तिकीट काढावं लागेल. आणि मी काय सभेला निघालेय?" एवढं बोलून तिने माइक जागच्या जागी अडकवला. तिचं बोलणं पुन्हा कुणाला ऐकू येईनासं झालं, आणि टीव्ही पुन्हा ऐकू यायला लागले.

काउंटरशी येऊन तिने फळीवरच्या एका स्पीकरकडे बोट दाखवलं. हाताच्या पंज्यात बसेल एवढा, चपटा, करडा. चिमटीने तो आधी कधी बघितलाही नव्हता, कारण आवाजात तो सगळ्यांत लहान होता आणि सेल्समनने कधी कौतुकाने काढलाही नव्हता. त्याच्या डोक्यावर आवाज कमी-जास्त करायची दोन मोठी, ठसठशीत बटणं होती. भोंग्याने डोळे मिटून अंगठ्याने ती चाचपली. वर, खाली, खाली, खाली. मान हलवली.

"हा?" चिमटीने विचारलं. "हा का?"

भोंग्याने तो नुसता तिच्याकडे सरकवला. चिमटीला पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. सहलीचं तर नावच काढायचं नव्हतं. तिने पैसे दिले, खोकं पिशवीत टाकलं, आणि दोघी बाहेर पडल्या.

रस्त्यावर कामावरून सुटलेल्या गाड्यांचा पूर लोटला होता. हॉर्न, ब्रेक, कुठेतरी फुटपाथ खोदायचं यंत्र. दोघी एकमेकींकडे न बघता चालत राहिल्या. कोपऱ्यावर सिग्नलला थांबल्या तेव्हा भोंगा तिच्याकडे वळली आणि काहीतरी बोलली.

चिमटीची मान हलायला लागली. सवय ती सवय. "हो" ओठांपर्यंत आला होता, चेहरा हसराही झाला होता. तिने तो तसाच गिळला.

"नाही ऐकू आलं," ती म्हणाली. "परत सांग."

भोंगा परत बोलली. एक बस घरघरत गेली.

"नाही गं. परत."

सिग्नल सुटला. मागची माणसं दोघींना धक्के देत, पुटपुटत पुढे गेली. भोंग्याच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. ती तिसऱ्यांदा बोलली, आणि चिमटीला तिसऱ्यांदाही कळलं नाही. तेव्हा तिने पिशवी खाली रस्त्यावर ठेवली, भोंग्याच्या खांद्याला धरलं आणि आपला कान तिच्या ओठांना चिकटेल इतका जवळ नेला. गरम श्वास लागला, आणि त्यात शब्द होते.

"स्पीकर माझ्या मांडीवर राहील," भोंगा म्हणत होती. "मला बोलायचं असलं की मी बारीक करणार. आणि खिडकी माझी."